बिल्डरचा माणूस घरी येतो तेव्हा

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचे अध्यक्ष झालात की लोक तुमच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागतात. आमच्याकडे पाकीट घेऊन कोणी आलं नाही. आला तो निविदा भरलेल्या एका बिल्डरचा माणूस, रविवारी सकाळी, न सांगता. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग म्हणाला, "साहेब, तळमजल्यावरच्या काकूंना भाड्याच्या घराचं काही जमायचं नाही. त्यांचं डिपॉझिट, दलाली, सामान हलवणं, सगळं आमच्याकडे लागलं. फक्त कागदावर नको, नाहीतर बाकीचेही मागत बसतील."

बदल्यात त्याने काहीच मागितलं नाही. बिल्डर ठरवायची सभा तोंडावर आली होती, एवढंच.

काकू एकट्या राहतात. त्यांची सोय व्हावी असं मलाही वाटत होतं, आणि घोळ तिथेच होता. स्वतःसाठी चार फूट जास्त कार्पेट मागणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक असतं. दुसऱ्याच्या भल्यासाठी उपकार घेताना मन खात नाही, मिंधेपण मात्र तेवढंच येतं. उद्या भाड्याचा चेक थकला, काम रखडलं, तर मी कुठल्या तोंडाने भांडणार होतो?

मी म्हटलं, "हेच ऑफर लेटरमध्ये लिहून द्या, एकट्या राहणाऱ्या सगळ्या ज्येष्ठांसाठी." तो हसला. लेखी काही आलं नाही. काकूंना मात्र कुठून तरी कळलं आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमचे खजिनदारही म्हणाले, "तुमच्या तत्त्वांचा भुर्दंड म्हातारीला का?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही धड नाही.

शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशात (सहकार कायदा, कलम ७९अ) पुष्कळ काळजी घेतलेली आहे. सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती, ५१ टक्के सभासदांची संमती, निबंधकांचा अधिकारी हजर, शिवाय व्हिडिओ चित्रीकरण. पण कॅमेरा सभागृहात असतो. आपल्या दिवाणखान्यात आपणच.

म्हणून नव्या कमिट्यांना मी सांगतो, निविदा मागवण्याआधीच ठराव करून टाका: इच्छुक बिल्डरला कोणीही एकट्याने भेटायचं नाही, घरी तर नाहीच. भेट सोसायटीच्या ऑफिसात, किमान दोघांसमोर, आणि त्याच संध्याकाळी वहीत नोंद. कोणाचा जावई कुठल्या बिल्डरकडे नोकरीला आहे, तेही तेव्हाच सांगून मोकळं व्हायचं. नंतर केलेला नियम कोणाला तरी टोचायलाच केलाय असं वाटतं आणि चांगली माणसंही दुखावतात. (आमच्याकडे दोघांनी राजीनामे खिशात ठेवले होते.)

अडलेल्या सभासदांची यादीही आधीच करा. कोणाला जिना चढवत नाही, कोणाकडे डिपॉझिटचे पैसे नाहीत, हे घरोघर जाऊन विचारावं लागतं. सभेत कोणी उठून सांगत नाही. त्या गरजा निविदेच्या अटींतच घाला, म्हणजे सगळ्या बिल्डरांना त्यांचा आकडा उघडपणे भरावा लागतो. आमच्याकडे ते करारनाम्याच्या वाटाघाटींत करावं लागलं. दलाली आणि सामानाचा खर्च सगळ्यांना मिळाला. डिपॉझिटवर बिल्डर अडून बसला. काकूंचं ते त्यांच्या पुतण्याने भरलं.