किनाऱ्यावर परत ये गं

काल फोनवर तू गप्प गप्प होतीस, तेव्हाच मला कळलं. प्रार्थनेसाठी म्हणून तू मैत्रिणीपाशी मन मोकळं केलंस, आणि तिनं ते चार घरांत पोचवलं. आता रविवारी उपासनेला पाऊलच ठेवणार नाही म्हणतेस. रड गं, पोटभर रड. पण रविवार सोडू नकोस.

खरं सांगू का, विश्वासघात म्हटलं की सगळ्यांना यहूदा आणि त्याची तीस नाणी आठवतात. मला पेत्र आठवतो. मी पावसला नवीन आले, तेव्हा भाड्याची खोली बघत होते. आडनाव ऐकून घरमालकीण मावशींना मी त्यांच्यातलीच वाटले. त्यांनी कुलदैवत विचारलं, मी विषय बदलला. रात्री घास उतरेना. पेत्रही असाच, निखाऱ्यांपाशी शेकताना प्रभूची ओळख नाकारून बसला. तीनदा!

आता बघ, योहानाच्या शुभवर्तमानात निखारे दोनदा येतात. एक पेत्रानं नाकारलं त्या रात्रीचे, अंगणातले. दुसरे पुनरुत्थानानंतरच्या एका पहाटे किनाऱ्यावरचे, त्यांवर मासळी आणि जवळ भाकर. रात्रभर जाळं टाकून आलेल्याला आधी खायला घालायचं, मग बोलायचं, हे कोकणात वेगळं शिकवावं लागत नाही. प्रभूनंही तेच केलं. न्याहारी झाल्यावर पेत्राला विचारलं, माझ्यावर प्रीती आहे ना? तेही तीनदा. पस्तावा यहूदालाही झाला होता गं, पण तो परत आला नाही. दोन दिवसांनी मीही मावशींकडे परत गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. खोली राहिली, मनही हलकं झालं.

आणि ज्याचं मन मोडलं त्याचं काय, म्हणशील. लक्ष्मीबाई टिळकांकडे बघ. त्यांच्या यजमानांनी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळला. पदरात लहानगा दत्तू. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तरी आपलं सोवळं लगेच सोडलं नाही. मन वळलं तेव्हा, १९०० मध्ये, स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य याच बाईंनी पुढे लिहिलं. बघ, निष्ठा अशी सावकाश मुरते.

म्हणून ऐक माझं. मैत्रिणीला एकटीला गाठ, व्हॉट्सॲपवर नको. "तू हे बोललीस, मला फार लागलं," एवढंच म्हण. नाहीच ऐकलं, तर एखाद्या जाणत्या बाईला सोबत ने. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हीच रीत आहे. क्षमा कर, पण घरातलं गुपित लगेच तिच्या हाती देऊ नकोस. क्षमा एका दिवसात करता येते, भरवसा पुन्हा बसायला वेळ लागतो.

रविवारी मागच्या बाकावर बस. गाणं गळ्यातून निघालं नाही तर नुसतं ऐक. तुझ्यानं होईल, मला माहीत आहे. प्रभुभोजनाची भाकर हातात येईल तेव्हा एवढं आठव, ती पहिल्यांदा मोडली गेली तीच मुळी घात झालेल्या रात्री.

घरी पोचलीस की मला फोन कर.