कारवानी कुत्रा : शिकार गेली, धाव राहिली

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. जवळच गुमगावची मँगनीजची खाण, भोवती कापसाची वावरे आणि संत्र्यांच्या बागा, आणि थोडे पुढे गेले की सातपुड्याच्या पायथ्याचे जंगल. जंगल जवळ असल्यामुळे पिकांत रानडुकरे शिरतात, रोही येतात. म्हणून रात्री जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याबरोबर एखाददुसरा कुत्रा असतोच. तो बहुधा गावठी असतो. चाहूल लागली की तो भुंकतो, चार पावले धावून जातो आणि मागे वळून धनी येतो आहे ना हे पाहतो. धनी बॅटरी मारतो, डबा वाजवतो. डुकरे निघून जातात. कुत्र्याचे काम तिथे संपते.

आता समजा, अशा गावातल्या एखाद्या हौशी माणसाने लातूर-सोलापूरकडून कारवानी जातीचे पिल्लू आणले. अशी हौस आता दुर्मिळ राहिलेली नाही. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांच्या जातींचा उल्लेख केला, तेव्हापासून तर या पिल्लांची चौकशी पुष्कळच वाढली. पिल्लू दिसायला देखणे, अंगाने सडपातळ, स्वभावाने थोडे अलिप्त. पण ते मोठे झाल्यावर राखण्या होईल, सोबती होईल, की शिकारीच राहील?

उत्तरासाठी ही जात कोणत्या मुलखात तयार झाली ते पाहिले पाहिजे. लातूर, सोलापूर, सांगली जिल्ह्यातील जत आणि पलीकडे कर्नाटकातील विजापूर-बागलकोट हा सारा कमी पावसाचा, उघड्या माळांचा प्रदेश. तेथे झाडी विरळ, नजर लांबवर जाते. ससा उठला तर तो लपायच्या आत गाठावा लागतो. वास घेत बसायला सवड नसते. अशा माळावर डोळा आणि पाय हीच शिकाऱ्याची हत्यारे. कारवां म्हणजे तांडा. तांड्यांबरोबर हिंडणारा तो कारवानी, असा या नावाचा अर्थ लावतात. कानांवर व शेपटीवर रेशमी केस असतील तर त्यालाच पशमी म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे १९४८ पर्यंत घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, असे सांगतात. त्यामुळे हाच कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ या नावानेही प्रसिद्ध झाला. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळला स्थान मिळाले.

धावण्यासाठी घडलेले शरीर

कारवानी कुत्रा बाजूने पाहा. छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, कणा लवचीक, डोके अरुंद व लांबट. ही ठेवण ग्रेहाउंड, सलुकी या कुत्र्यांतही आढळते. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका ढांगेत त्याचे चारही पाय एकदाच जमिनीपासून सुटलेले असतात. या कुत्र्यांचे मात्र दोनदा सुटतात : एकदा पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि पुन्हा ते पुढेमागे पूर्ण ताणले जातात तेव्हा. कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सरळ होतो. ग्रेहाउंड तासाला ६० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो तो यामुळेच. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाणही जास्त असते. इतर कुत्र्यांत रक्ताचा साधारण ४० ते ५० टक्के भाग या पेशींनी व्यापलेला असतो, तर ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६० टक्के. पेशी जास्त, म्हणून स्नायूंना मिळणारा ऑक्सिजनही जास्त.

डोळ्यांची गंमत तर याहून मोठी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २००४ मध्ये असे आढळले, की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर चेतापेशी आडव्या पट्ट्यासारख्या पसरलेल्या असतात. पगसारख्या आखूड तोंडाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी एका ठिपक्यात दाटलेल्या असतात. आडवा पट्टा म्हणजे सगळे क्षितिज एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात! रंगांच्या बाबतीत मात्र कुत्र्याची बाजू लंगडी आहे. त्याला निळा व पिवळा एवढेच रंग नीट ओळखता येतात. खाप्याच्या बागेत हिरव्या पानांतले पिकलेले संत्रे तुम्हांआम्हांला लगेच दिसते, पण कुत्र्याला पाने आणि फळ दोन्ही पिवळसरच भासत असणार. त्याच बागेत दूरवर सशाने उडी मारू द्या. तुम्हांला कळायच्या आत कुत्र्याची मान वळलेली असेल.

शिकारीची साखळी

लांडग्याची शिकार ही एक सलग क्रिया नाही, ती अनेक कड्यांची साखळी आहे : सावज हेरणे, रोखून पाहणे, दबकत सरकणे, पाठलाग, झडप घालून पकडणे, चावून मारणे आणि शेवटी फाडून खाणे. कुत्रा हा लांडग्यापासूनच माणसाळला. माणसाने त्याच्या जाती निर्माण केल्या म्हणजे काय केले, तर या साखळीतल्या काही कड्या बळकट केल्या आणि काही दुबळ्या. पॉइंटर कुत्रा सावज पाहून रोखून उभा राहतो. दुसरी कडी तेथे ताणली आहे. मेंढ्या वळवणारा कॉली दबकतो, पाठलाग करतो, पण चावत नाही. रिट्रीव्हर मारलेला पक्षी तोंडात धरतो आणि पिसाला धक्का न लावता आणून देतो. आपल्या धनगराचा राखण्या कुत्रा मेंढरांतच वाढतो. मेंढराच्या मागे लागण्याची कडी त्याच्यात इतकी ढिली असावी लागते, की कोकरू पळाले तरी त्याने मान वर करू नये. कारवानीमध्ये हेरणे, पाठलाग आणि झडप या कड्या सर्वांत घट्ट आहेत.

यातला महत्त्वाचा भाग असा, की प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सुरू होते आणि तिचे बक्षीस तिच्यातच असते. कुत्रा भुकेपोटीच धावतो असे नाही, धावण्यासाठीही धावतो. ‘पोटभर खाऊ घातले की तो शिकार विसरेल’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. भाकरीदूध खाऊन तृप्त झालेला कारवानीसुद्धा समोरून मांजर पळाले की दोरी तोडून जाईल. त्यात दुष्टपणा नाही आणि मालकाविषयी बेपर्वाईही नाही. त्या क्षणी हाक त्याच्या कानांवर पडते, पण पोहोचत नाही, इतकेच.

पूर्वी या कडीला काम होते, आता ते नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची दारे जवळजवळ पूर्ण बंद झाली. ससाही संरक्षित आहे. कायद्याच्या व्याख्येत मारणे, पकडणे एवढेच येत नाही. त्यासाठी प्राण्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हीदेखील शिकारच. तेव्हा ‘मी नाही, कुत्र्याने मारला’ हे म्हणणे टिकत नाही. काही लोक जुन्या कामाचे कौतुक सांगून लपूनछपून ससे धरतात. त्यांना जातीचा कैवार आहे असे मला वाटत नाही.

मग घरातला सोबती म्हणून तो राहील का? राहील, पण अटी आहेत. साखळीने खुंट्याला बांधलेला कारवानी हे पाहवत नाही असे दृश्य आहे. त्याला रोज दोन वेळा कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत जीव तोडून पळायला मिळाले, तर उरलेला दिवस तो पायरीवर शांत लोळतो. तुफान धाव आणि लांब विश्रांती हीच त्याची प्रकृती. दोरीला चिंध्या बांधून ती झपाट्याने ओढली तर पाठलागाची हौसही भागते. उन्हाळ्यात मात्र जपावे लागते. धावताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो, आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच निवतो. नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा धाव पहाटेच हवी. आणखी एक गोष्ट पाळणाऱ्याने गुरांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावी : ग्रेहाउंडच्या बांध्याचे कुत्रे थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधातून फार उशिरा शुद्धीवर येतात. शस्त्रक्रियेच्या आधी जात कळली तर ते दुसरे औषध वापरतील.

राखणीचे काम मात्र त्याच्याकडून गावठ्याइतके साधेल असे दिसत नाही. राखण्याने भुंकावे आणि जागा सोडू नये. कारवानी न भुंकता पाठीमागे निघून जाईल. शिवाय खाप्याच्या बाजूला मोकळा माळ नाही, झाडी आहे. वीस पावलांवर सावज दिसेनासे होते आणि कुत्रा जंगलात भरकटतो. तेथे धोका दोन्ही बाजूंनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांनी खाल्लेल्या मांसापैकी वजनाने सुमारे ३९ टक्के कुत्र्यांचे होते. उलट कुत्र्याचा रोग रानात जातो. १९९४ मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाने सुमारे एकतृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या शरीरात याच रोगाचा विषाणू सापडला. जंगलाकाठच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींच्या लसी टोचल्याच पाहिजेत आणि त्याला मोकाट सोडता कामा नये.

पन्नास वर्षांनंतरचा कारवानी

आतापर्यंत एका कुत्र्याचा विचार झाला. जातीचा हिशेब वेगळा असतो. एक कारवानी आपल्या आयुष्यात धावणे विसरत नाही. पण कोणत्या नराला कोणती मादी दाखवायची हे माणूस ठरवतो, आणि त्यातून पिढ्या बदलतात. स्वीडनमध्ये केन्थ स्वार्टबर्ग यांनी ३१ जातींच्या तेरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या चाचण्यांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या एका चाचणीत केसाळ वस्तू झपाट्याने ओढून कुत्रा मागे लागतो का हे पाहतात. जातींच्या स्वभावाचा संबंध त्यांच्या प्राचीन कामाशी फारसा लागेना. लागला तो हल्लीच्या वापराशी. प्रदर्शनांसाठी निवडलेल्या जाती सरासरीने अधिक भित्र्या आणि खेळाला मंद निघाल्या, कामाच्या परीक्षांसाठी निवडलेल्या अधिक खेळकर. अमेरिकेत २०२२ मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा वागणुकीतल्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे समजावता आले. एकाच जातीची, एकाच वेताची भावंडेही पुष्कळ वेगळी असू शकतात.

याचा अर्थ, कारवानी नुसता शोभेसाठी पैदास होऊ लागला तर बारीक कंबर आणि लांब तोंड राहील, धाव हळूहळू जाईल. नुसता वेग पाहून पैदास केली तर असा कुत्रा घरात ठेवणे कोणालाच जमणार नाही. मोजक्याच नरांचा वापर झाला तर अंतःप्रजननाचे दोष येतील ते निराळेच. २०१६ पासून सैन्याने मीरतच्या केंद्रात मुधोळ कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली, हा एक मार्ग झाला. माझ्या मते दुसरा आणि मोठा मार्ग त्याच्या मूळच्या माळांवर आहे : तेथील शेतकऱ्याने तो पाळावा, चिंधीमागे धावण्याच्या शर्यतीत पारखावा आणि माणसांत शांत राहणाऱ्या, तरीही धावणाऱ्या जोडीचीच पिल्ले ठेवावीत. खाप्याच्या जागलीला गावठी कुत्राच बरा.

आता हे स्वतः करून पाहा. लस टोचलेला, तुमच्या घरचा ओळखीचा कुत्रा घ्या, रस्त्यावरचा नको. सहा-सात मीटर दोरीला चिंध्यांचा बोळा बांधून तो कुंपणाच्या आत जमिनीवरून झपाट्याने ओढा. कुत्रा नुसता पाहतो, दबकतो, धावतो, पकडतो की पकडून झिंजाडतो हे लिहून ठेवा. हाच प्रयोग एक दिवस सकाळच्या जेवणाआधी करा आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर किमान दोन तासांनी. भरल्या पोटी लगेच धावू देऊ नका. खोल छातीच्या कुत्र्यांत त्याने जठर पिळवटण्याचा धोका असतो. पाचसहा मित्रांनी आपापल्या कुत्र्यांची अशी नोंद केली की तक्ता तयार करा : उभे रकाने साखळीच्या कड्यांचे, आडव्या ओळी कुत्र्यांच्या. जेवणाआधीच्या आणि नंतरच्या नोंदींत किती फरक पडतो, आणि कोणत्या कुत्र्याची साखळी कोठे थांबते, ते पाहा.