ल्युपस : आमवाताच्या निदानाआड दडणारा व्याधी

मावळात भातलावणी सुरू झाली की आपल्या चिकित्सालयांत सांधेदुखीच्या स्त्रीरुग्णांची संख्या वाढते. चिखलात दिवसभर वाकून काम, ओला वारा, त्यात अग्निमांद्य. अशा वेळी आमवाताचे निदान सहज होते व बहुधा ते योग्यही असते. क्वचित ते चुकते. त्याविषयी हा लेख आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पवन मावळातील एक तरुण शेतकरी स्त्री आली. बोटांचे सांधे सकाळी आखडत, अधूनमधून ज्वर येई. आम्ही लंघन, दीपन-पाचन व सिंहनाद गुग्गुळ असा क्रम ठेवला. उपशय मिळाला आणि आम्ही निर्धास्त झालो. भातकापणीच्या उन्हानंतर ती परत आली, तेव्हा दोन्ही गालांवर व नाकावर लाली होती, पायांवर शोथ होता. मूत्रपरीक्षेत प्रथिने भरपूर निघाली. पुढे पुण्यात ल्युपसजन्य वृक्कविकृती निश्चित झाली. वेळीच उपचार मिळाल्याने ती सावरली. परंतु पहिल्याच भेटीत साधी मूत्रपरीक्षा आम्ही करविली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशीकेंद्रांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांचे संयुग वृक्क, त्वचा, सांधे, फुप्फुस व हृदयाच्या आवरणांत साचून दाह उत्पन्न करतात, रक्तकणही घटतात. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा प्रजननक्षम वयातील. व्याधी विरळ आहे. पुणे जिल्ह्यातीलच भिगवण येथे १९९६ साली चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली, तीत सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या. एवढ्या गर्दीत ल्युपसचा एखादा रुग्ण हरवून जाणे स्वाभाविक आहे.

म्हणून तरुण स्त्रीच्या संधिशूलासोबत उन्हाने वाढणारी लाली, तोंडातील न दुखणारे व्रण, केस गळणे, श्वास घेताना छातीत कळ किंवा वारंवार गर्भपात असा इतिहास मिळाल्यास थांबावे. लाली नाकाच्या बाजूच्या घड्या बहुधा सोडून देते, ही खूण उपयोगी आहे. रक्तदाब, मूत्रपरीक्षा, रक्तगणना व एएनए चाचणी करवावी. एएनए नसल्यास ल्युपसची शक्यता फारच कमी; असल्यास मात्र तेवढ्याने निदान होत नाही, कारण निरोगी व्यक्तींतही ती आढळते.

वातरक्त, विसर्प, पांडू, शोथ यांची लक्षणे येथे एकत्र दिसतात. एकाच नावात व्याधी बसविण्याचा आग्रह आम्हांस पटत नाही. अधिक महत्त्वाचे हे की येथे व्याधिक्षमत्व दुबळे नसून भरकटलेले आहे. ते ‘वाढविण्याच्या’ हेतूने रसायने देणे धोक्याचे ठरू शकते. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकृतीची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीच्या ओळखीबाबत आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वाद काहीही असो, ल्युपसच्या रुग्णास गुळवेल देऊ नये असे आमचे मत आहे. वृक्क बाधित असता रसकल्पही टाळावेत.

मुख्य चिकित्सा आधुनिकच आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बहुतेक सर्व रुग्णांस दीर्घकाळ देतात. मात्रा प्रतिकिलो वजनास दररोज ५ मिलिग्रॅमहून अधिक नसते आणि नेत्रपटलाची तपासणी ठरावीक काळाने लागते. तीव्र अवस्थेत स्टेरॉइड, वृक्कासाठी मायकोफेनोलेट वा सायक्लोफॉस्फामाइड देतात. आपले कार्य पथ्य, निद्रा, मलशुद्धी व धीर देण्याचे. लोणावळ्याच्या धुक्यातही अतिनील किरण पोहोचतात, तेव्हा पावसाळ्यातही चेहरा झाकण्यास सांगावे.

औषधालयांच्या चालकांस एक विनंती. ‘आता आयुर्वेदिक सुरू केले’ म्हणून रुग्ण स्टेरॉइड एकाएकी सोडतात. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असल्याने रक्तदाब घसरून जीवावर बेतू शकते. चिठ्ठीतील गोळ्या नेणे थांबल्याचे दुकानात सर्वांत आधी लक्षात येते. अशा वेळी रुग्णास विचारावे व वैद्यास कळवावे. वेदनाशामक गोळ्याही अशा रुग्णास चिठ्ठीविना देऊ नयेत, कारण वृक्कावर त्यांचा भार पडतो.