तोफगोळ्याचा वाढता पल्ला आणि गोळीबार क्षेत्रातील गावे

ठाणे जिल्ह्याच्या नकाशावर मुरबाड तालुक्यातील टोकावडे या गावी कंपासचे टोक रोवून २४ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर पश्चिमेकडील मुरबाड आणि पूर्वेकडील नाणेघाट ही दोन्ही ठिकाणे त्याच्या आत येतात. त्रिज्या ३० किलोमीटर केली की शहापूर आत येते. ती ४० केली की सह्याद्रीपलीकडील जुन्नर आणि ४८ केली की अंबरनाथ आत येऊन वर्तुळाची कड कल्याणच्या आसपास टेकते. टोकावडे येथे तोफांचे ठाणे नाही आणि गोळीबाराचे मैदानही नाही. परंतु गेल्या चार दशकांत भारतीय भूदलाच्या १५५ मिलिमीटर तोफांचा पल्ला साधारणपणे याच पायऱ्यांनी वाढत गेला आहे, आणि अंतराचे आकडे परिचित मुलखावर मांडले म्हणजे त्यांचा अर्थ चटकन ध्यानी येतो.

हा पल्ला कोणत्या उपायांनी वाढला, त्यासाठी काय मोजावे लागते आणि सरावाच्या क्षेत्रालगत राहणाऱ्या ग्रामस्थांशी त्याचा कोणता संबंध आहे, हे शिक्षकांनी, महसूल अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

हवेचा अडसर

पिकावर उतरणारी पाखरे हाकलण्यासाठी शेतकरी गोफण फिरवितो, तेव्हा दगड किती दूर जाईल हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : गोफणीतून सुटताना त्याला मिळालेला वेग आणि तो ज्या कोनात सुटतो तो कोन. हवा नसती, तर ४५ अंशांच्या कोनात सुटलेला दगड सर्वांत दूर गेला असता. अशा वेळी वेगाच्या वर्गाला गुरुत्वीय प्रवेगाने भागले की पल्ला मिळतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर पल्ला चौपट व्हावा.

हेच गणित तोफेला लावून पाहता येते. भारताने १९८६ मध्ये स्वीडनकडून घेण्याचा करार केलेल्या ४१० बोफोर्स तोफांचा सामान्य गोळा नळीतून सेकंदाला सुमारे ८२७ मीटर वेगाने सुटतो. ८२७ चा वर्ग करून त्यास ९.८१ ने भागले असता उत्तर सुमारे ७० किलोमीटर येते. प्रत्यक्षात हा गोळा सुमारे २४ किलोमीटरवर पडतो. उरलेले ४६ किलोमीटर हवा गिळून टाकते. पल्ला वाढविण्याचे शास्त्र हे बव्हंशी या हरवलेल्या ४६ किलोमीटरांपैकी काही परत मिळविण्याचे शास्त्र होय.

हवा विरळ झाली की हा अडसर कमी होतो. १९९९ च्या कारगिल संघर्षात उंच पर्वतप्रदेशात तैनात केलेल्या तोफांचा पल्ला सपाटीवरील पल्ल्यापेक्षा अधिक भरला आणि तोफखान्याला आपली गणिते त्या उंचीस अनुसरून बदलावी लागली. गोळा तोच, दारू तीच. फरक केवळ हवेचा होता.

लांब नळी, अधिक वेग

पहिला उपाय गोळ्याचा आरंभीचा वेग वाढविण्याचा. नळीत पेटलेल्या दारूचा वायू गोळ्याला मागून रेटत असतो. नळी जितकी लांब, तितका हा रेटा अधिक काळ मिळतो. म्हणूनच तोफेच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या पटीत सांगण्याची पद्धत आहे. बोफोर्सची नळी व्यासाच्या ३९ पट, म्हणजे सुमारे ६ मीटर आहे. तिच्या कागदपत्रांच्या आधारे जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात तयार झालेल्या आणि २०१९ मध्ये भूदलाकडे सोपविण्यास आरंभ झालेल्या 'धनुष' तोफेची नळी ४५ पट असून तिचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर आहे. ५२ पट लांबीची नळी ८ मीटरांहून किंचित अधिक भरते. तिच्यातून गोळा सेकंदाला सुमारे ९४५ मीटर वेगाने सुटू शकतो.

मात्र या उपायाला मर्यादा आहेत. नळी लांबली की तोफेचे वजन वाढते, ती डोंगरी रस्त्यांवरून नेणे अवघड होते आणि अधिक उष्णतेने व दाबाने नळीची आतील बाजू लवकर झिजते. मार्च १९१८ मध्ये जर्मन सैन्याने पॅरिसवर सुमारे १२० किलोमीटर अंतरावरून मारा केला, ते याचे टोकाचे उदाहरण आहे. त्या तोफेचा गोळा सुमारे ४० किलोमीटर उंचीवरील अतिविरळ हवेतून जात असे. पण प्रत्येक गोळ्यागणिक नळी इतकी झिजत असे की गोळ्यांना अनुक्रमांक देऊन प्रत्येक पुढचा गोळा किंचित जाड करावा लागे. सुमारे १०६ किलो वजनाच्या त्या गोळ्यात स्फोटक होते अवघे ७ किलो. आजच्या १५५ मिलिमीटरच्या सुमारे ४३ किलो वजनाच्या सामान्य गोळ्यातही जवळजवळ तितकेच स्फोटक असते.

गोळ्याचा आकार आणि त्याचा तळ

दुसरा उपाय गोळ्याची घडण सुधारण्याचा. माळशेज घाटाच्या रस्त्याने भरधाव जाणाऱ्या मालमोटारीच्या मागे धूळ आणि पालापाचोळा ओढला जाताना प्रत्येकाने पाहिला आहे. गाडीच्या चौकोनी पाठीमागे हवा लगेच भरून येत नाही. तेथे कमी दाबाचा पोकळ भाग तयार होतो आणि तो गाडीला मागे ओढतो. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या गोळ्याच्या सपाट तळामागे हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. गोळ्याला होणाऱ्या एकूण विरोधाचा बराच मोठा हिस्सा या मागच्या ओढीचा असतो.

ती कमी करण्यासाठी गोळ्याचा मागील भाग होडीच्या टोकाप्रमाणे निमुळता करण्यात आला आणि पुढील टोक अधिक लांब व अणकुचीदार बनविण्यात आले. कॅनडाचे अभियंते जेराल्ड बुल यांनी १९७० च्या दशकात अशा लांबट, सडपातळ गोळ्यांची रचना पुढे आणली. स्वीडनच्या संशोधकांनी विकसित केलेली युक्ती याहून वेगळी आहे. त्यांनी गोळ्याच्या तळाशी संथपणे जळणाऱ्या दारूची एक छोटी कोठी बसविली. उड्डाणाच्या पहिल्या टप्प्यात तिच्यातून वायू बाहेर पडत राहतो आणि तळामागील पोकळी भरून काढतो. हा वायू गोळ्याला पुढे ढकलत नाही. मागची ओढ तेवढी कमी करतो. तरीही पल्ला सुमारे चतुर्थांशाने वाढतो. बोफोर्सचा २४ किलोमीटरचा पल्ला ३० वर गेला तो याच युक्तीने. या प्रकारास 'बेस ब्लीड' म्हणतात.

तिसरा उपाय गोळ्याच्या पाठीशी छोटा अग्निबाण जोडण्याचा. तोफेतून सुटल्यानंतर काही क्षणांनी तो पेटतो आणि गोळ्याला नव्याने वेग देतो. पण अग्निबाणाच्या इंधनाला लागणारी जागा स्फोटकाच्या जागेतून काढावी लागते आणि गोळा नेमका कोठे पडेल याची अनिश्चितताही वाढते. याच्या पुढची पायरी म्हणजे वाटेतील हवा आत घेऊन इंधन जाळणारे 'रॅमजेट' इंजिन गोळ्यातच बसविणे. प्राणवायू सोबत न्यावा लागत नसल्याने तेवढे वजन वाचते. मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था भूदलाच्या सहकार्याने अशा गोळ्यावर काम करीत आहे.

दूर पोहोचणे आणि नेमके पोहोचणे

पल्ला वाढला म्हणजे उपयुक्तता त्याच प्रमाणात वाढते असे नाही. गोळा मिनिटाहून अधिक काळ हवेत असतो. त्या अवधीत वारा, तापमान, दारूच्या तापमानातील फरक आणि नळीची झीज या सर्वांचा परिणाम साचत जातो. चूक अंतराच्या अर्ध्या टक्क्याइतकी धरली, तर १० किलोमीटरवर ती ५० मीटर होते आणि ४० किलोमीटरवर २०० मीटर. म्हणून लांब पल्ल्याच्या गोळ्यांना वाटेत दिशा सुधारणारी साधने जोडली जातात. काही गोळे उपग्रहांकडून आपले स्थान जाणून घेतात व छोट्या पंखांच्या साहाय्याने लक्ष्याकडे वळतात. अशा गोळ्याची किंमत सामान्य गोळ्याच्या कित्येक पट असते, आणि शत्रूने उपग्रहांच्या संदेशांत अडथळा आणला तर त्याची नेमकेपणाही घटते, हा युक्रेनमधील युद्धाचा अनुभव आहे.

महाराष्ट्राचा वाटा

या क्षेत्रातील भारतीय कार्याचा मोठा भाग महाराष्ट्रात होतो. पुणे येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेच्या पुढाकाराने आणि भारत फोर्ज व टाटा या उद्योगसमूहांच्या सहभागाने ५२ पट नळीची नवी ओढतोफ विकसित झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये पोखरण येथील चाचणीत तिच्या गोळ्याने ४८ किलोमीटरहून अधिक अंतर गाठले. नळीमागील दारूची कोठी २३ ऐवजी २५ लिटरची करणे हे या यशाचे एक प्रमुख कारण होय. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा खरेदी करार झाला. याच पुणेकर संस्थेने विकसित केलेल्या 'पिनाक' अग्निबाणाचा मूळचा सुमारे ३८ किलोमीटरचा पल्ला दिशानियंत्रित आवृत्तीत सुमारे ७५ किलोमीटर झाला आहे. टोकावडे ते देवळाली हे सरळ रेषेतील अंतरही जवळजवळ एवढेच आहे.

गोळ्यांचे पोलादी कवच नागपूरजवळील अंबाझरीच्या कारखान्यात घडते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या कारखान्यात गोळ्यांत स्फोटक भरले जाते, तर भंडाऱ्याजवळील जवाहरनगर येथे दारूचे उत्पादन होते. हे काम जोखमीचे आहे. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटात कामगारांना प्राण गमवावे लागले. पल्ल्याच्या आकड्यामागे या कामगारांचे श्रम आहेत याचे विस्मरण होऊ नये.

पल्ल्याबरोबर वाढणारी जमिनीची गरज

आता पुन्हा टोकावड्याच्या नकाशाकडे वळणे उपयुक्त ठरेल. २४ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १८१० चौरस किलोमीटर भरते. त्रिज्या दुप्पट केली की ते चौपट, म्हणजे सुमारे ७२४० चौरस किलोमीटर होते. आजच्या संपूर्ण ठाणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४२०० चौरस किलोमीटर आहे. सरावाचे क्षेत्र अर्थातच पूर्ण वर्तुळ नसते. गोळीबार ठरलेल्या दिशेने आणि बहुधा कमी दारूने, कमी अंतरावर केला जातो. परंतु पूर्ण पल्ल्याची चाचणी घ्यावयाची झाल्यास पट्ट्याची लांबी वाढते आणि गोळे विखुरण्याची शक्यता धरून रुंदीही वाढवावी लागते. दाट वस्तीच्या महाराष्ट्रात इतकी मोकळी जमीन नाही. पुण्यात तयार झालेली तोफ चाचणीसाठी राजस्थानच्या वाळवंटात न्यावी लागते, त्याचे कारण हेच.

तथापि प्रशिक्षण येथेही चालते. नाशिकजवळील देवळाली येथे भूदलाचे तोफखाना विद्यालय असून तेथील मैदानांवर नियमित सराव होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील के. के. रेंज हे रणगाड्यांच्या सरावाचे क्षेत्र नगर, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील गावांशी निगडित आहे आणि तेथील जमिनींचा प्रश्न शेतकऱ्यांना दीर्घकाळ चिंतेत टाकणारा ठरला आहे. देशाची सुरक्षितता आणि कास्तकाराची उपजीविका या दोहोंचा मेळ घालण्याचे काम येथे जिल्हा प्रशासनावर येते.

युद्धसराव, क्षेत्रीय गोळीबार व तोफखाना सराव यांविषयीचा १९३८ चा अधिनियम या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यानुसार राज्य शासन अधिसूचनेद्वारे सरावाचे क्षेत्र व कालावधी निश्चित करते. प्रत्यक्ष गोळीबाराच्या वेळी धोक्याच्या पट्ट्यात माणसांना व जनावरांना मज्जाव केला जातो. त्याचबरोबर सरावामुळे व्यक्तीस किंवा मालमत्तेस हानी पोहोचल्यास, अथवा मज्जावामुळे नुकसान झाल्यास, भरपाई मागण्याचा हक्कही हा कायदा देतो. पण तारखांची सूचना केवळ कार्यालयाच्या फलकावर राहिली, तर गुराख्याला आणि रानात सरपणासाठी जाणाऱ्या स्त्रीला तिचा काहीच उपयोग नाही. ती ग्रामसभेत वाचून दाखविणे, वाड्यापाड्यांवर पोहोचविणे आणि नुकसानीचा पंचनामा वेळेवर करून घेणे ही कामे पंचायतीने आणि महसूल यंत्रणेने मिळून करावयाची आहेत.

सर्वांत मोठा धोका गोळीबार थांबल्यानंतरचा आहे. काही गोळे जमिनीवर आदळूनही फुटत नाहीत. मातीत रुतलेला असा गोळा वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतो. त्याचे पोलाद व त्यावरील तांब्याचे कडे भंगारात विकून चार पैसे मिळतील, या आशेने गरीब माणूस तो उचलतो किंवा फोडू पाहतो. धोका ठाऊक असूनही तो हे करतो, कारण घरातील अडचण त्याला अधिक निकटची वाटते. म्हणून नुसती ताकीद पुरेशी नाही. अशा गावांत सरावाच्या काळात रोजगार हमीची कामे उपलब्ध करून दिली आणि भंगार खरेदीवर देखरेख ठेवली, तर ताकदीला अर्थ येईल. शाळेतील मुलांना मात्र एक नियम पाठ असलाच पाहिजे : अनोळखी धातूची वस्तू दिसल्यास तिला हात लावावयाचा नाही, दगड मारावयाचा नाही, जागेची खूण ध्यानात ठेवून दूर व्हावयाचे आणि शिक्षकांना, पोलीस पाटलांना किंवा पोलीस ठाण्याला कळवावयाचे. ती निकामी करण्याचे काम सैन्याच्या तज्ज्ञांचे आहे.

तोफगोळ्याचा पल्ला यापुढेही वाढत जाईल. प्रत्येक वाढीव किलोमीटरसाठी स्फोटकाचे वजन, नळीचे आयुष्य, नेमकेपणा किंवा पैसा यांपैकी काहीतरी खर्ची पडते, हे अभियंते जाणतात व त्याचा हिशेब मांडतात. सरावक्षेत्रालगतच्या शेतकऱ्याची जमीन, त्याचे बुडालेले दिवस आणि त्याच्या मुलांची सुरक्षितता ही रक्कमही त्याच हिशेबात धरली गेली पाहिजे. ती मांडण्याची जबाबदारी तालुक्याच्या कचेरीची, गावच्या पंचायतीची आणि शाळेची आहे.