इंदूरची एक दिवाळी आणि गाव राखणारे लोक

होळकर घराण्यातील गौतमाबाईंचे नाव धारण करणारा आपला गौतमपुरा दूरवर ओळखला जातो तो दिवाळीनंतरच्या हिंगोट युद्धामुळे. हिंगोटाचे फळ पोकरून त्यात दारू भरतात, आणि गौतमपुऱ्याचे 'तुर्रा' व रुणजीचे 'कलंगी' हे दोन पक्ष ती जळती फळे एकमेकांवर फेकतात. लढणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. युद्ध आटोपल्यावर उरलेली राख व जळकी टरफले कोण उचलतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

इंदूर शहरात एका दिवाळीला हाच प्रश्न सर्वांसमोर मांडला गेला होता. 1917 सालची ही गोष्ट. शहरात प्लेगाचे भय होते. नगररचनेचा सल्ला देण्यासाठी होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडितास बोलाविले होते. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. प्लेगाचे जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतात, हे ते जाणून होते. घरातली अडगळ निघाली की उंदरांचा आसरा तुटतो. पण नुसत्या हुकुमाने घरे साफ होत नाहीत. म्हणून त्यांनी दिवाळीची एक मिरवणूक योजिली आणि जाहीर केले की, ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त दिसतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. मग काय विचारता! गल्लोगल्ली चढाओढ लागली आणि केराच्या गाड्याच्या गाड्या शहराबाहेर गेल्या.

त्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा उंदीर होता. शेवटी त्या दोघांचे दहनही झाले. परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सफाई कामगारांचा तांडा. पांढरी शुभ्र वस्त्रे ल्यालेले, खांद्यावर झाडू घेतलेले ते लोक रंगविलेल्या गाड्यांसह राजरस्त्याने चालले होते. त्यांच्या डोक्यावर जी नवी पागोटी होती, त्याच रंगाची पागोटी त्या दिवशी नगराच्या अधिकाऱ्यांनी आणि स्वतः गेडिससाहेबांनीही बांधली होती. ज्यांची सावलीही पुष्कळांना नकोशी वाटे, त्यांच्यासारखेच पागोटे अधिकाऱ्यांनी बांधावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तरीही पागोटे एका दिवसाचे आणि झाडू वर्षभराचा. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हा हिशेब निराळ्या रीतीने मांडला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम स्वतःसाठी मागितले. ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांचेच, म्हणून त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न वर्ज्य करण्यास आरंभ केला, आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही उपवास करून त्यांना साथ दिली. तेव्हा सरकार नमले. मिरवणुकीपेक्षा हा मार्ग मला अधिक सच्चा वाटतो.

आज इंदूरचे नाव देशभर झाले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 अशी सलग सात वर्षे या शहराने पहिला क्रमांक मिळविला. ओल्या कचऱ्यापासून तेथे इंधनवायू तयार होतो. पण हे यंत्र चालते ते घरच्या दाराशी. आपण भाजीच्या सालींत फुटकी काच टाकली, तर ती वेगळी काढताना कापतो तो कोणा दुसऱ्याचाच हात. मैला हाताने उपसावयास लावणे आणि संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे यांस 2013 च्या कायद्याने बंदी केली आहे. तरीही गटारात माणसे गुदमरून मेली, आणि 2023 साली सर्वोच्च न्यायालयास अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवावी लागली.

वर्षानुवर्षे एकाच वस्तीत काम करणाऱ्याजवळ एक ज्ञान साठलेले असते. कोणती नाली पहिल्या पावसातच तुंबते, कोणत्या वळणावर पाणी मुरते, कोणत्या घरचा केर नेहमी उघडाच बाहेर येतो, हे त्यास नकाशावाचून ठाऊक असते. तो कामावरून उतरला की हे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. कोणी लिहून ठेवीत नाही.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक वही घालावी. आपल्या आळीत झाडणारे, नाल्या काढणारे, पाणी सोडणारे कोण आहेत? त्यांना वडीलधाऱ्यांप्रमाणे 'अहो' म्हणून हाक मारावी व विचारावे : आपण किती वर्षे हे काम करीत आहात? पहाटे किती वाजता निघता? हातमोजे व पादत्राणे मिळतात का? आजारी पडल्यास त्या दिवसाचा पगार कापला जातो का? उत्तरे जशीच्या तशी उतरवून शाळा उघडल्यावर वही वर्गात आणावी.