घरबसल्या बाजारहाट : काटकसरीचा एक पाठ



आपल्या आष्टीच्या आठवडी बाजारांत एखाद्या वृद्ध आजीच्या मागोमाग तासभर हिंडून पाहा. पिशवी काखेंत मारून ती प्रथम साऱ्या बाजाराची एक फेरी करते. त्या फेरींत ती कांहींच घेत नाहीं. कोणाच्या मेथीची जुडी मोठी आहे, कोणाचा कांदा ओलसर आहे, कोणाचा तराजू एका अंगाला झुकतो, हें ती नुसत्या डोळ्यांनीं टिपून ठेवते. दुसऱ्या फेरींत ती भाव विचारते, तिसऱ्या फेरींत घासाघीस करते, आणि मगच कनवटीची गांठ सोडते. तिला कदाचित् लिहितां-वाचतां येत नसेल. परंतु खरेदी कशी करावी हा पाठ तिनें असा घोटलेला असतो कीं, पदवीधरानेंहि तिच्यापासून तो शिकावा.

आतां आपल्या घरांत दुसरा एक बाजार शिरला आहे. त्याला वार नाहीं, वेळ नाहीं, पालें नाहींत कीं आरोळ्या नाहींत. तो मोबाइलच्या पडद्यावर अहोरात्र उघडा असतो. परतूरच्या किंवा जालन्याच्या दुकानांत जी वस्तु मिळत नाहीं ती तेथें मिळते, आणि पुष्कळदां स्वस्तहि मिळते. ही गोष्ट नाकारण्यांत अर्थ नाहीं. खेड्यांतील विद्यार्थ्याला जें पुस्तक पूर्वीं दृष्टीसहि पडलें नसतें, तें आज चार दिवसांत त्याच्या दारीं येतें. मग उणें तें काय? उणें इतकेंच कीं, आजीचें शहाणपण आपण बाजारांतच ठेवून आलों आणि रिकामें डोकें घेऊन या नव्या पेठेंत शिरलों. स्वस्त मिळणें आणि पैसा वांचणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें या लेखांत दाखवावयाचें आहे. त्यासाठीं पैसे देण्यापूर्वीं स्वतःला चार प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी.

पहिला प्रश्न : ही वस्तु मला हवी आहे काय?

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, या अर्थाचा प्रभु येशूचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत आहे. त्या दाखल्याचा रोख शिष्यत्वाकडे आहे हें खरें. पण त्यांतील व्यवहारहि तितकाच खरा आहे. समजा, तुम्हांला ३५० रुपयांचा शब्दकोश घ्यावयाचा आहे. पोंचविण्याचा खर्च ४० रुपये आहे. परंतु ५०० रुपयांवर खरेदी केल्यास तो माफ आहे, असें पडद्यावर दिसतें. तुम्ही लगेच १६० रुपयांची एक नको असलेली वस्तु टोपलींत टाकतां. हिशेब मांडा. शब्दकोश एकटा घेतला असतां ३९० रुपये लागले असते. आतां ५१० लागले. ४० रुपये 'वांचविण्यासाठीं' १२० रुपये अधिक गेले! म्हणून बाजाराला जातांना जशी यादी करतों, तशी ती येथेंहि आधीं कागदावर करावी. आणि जें यादींत नाहीं, त्यावर निदान दोन रात्री झोप घेऊन मग विचार करावा. पुष्कळशा इच्छा दोन रात्रींत आपोआप विरून जातात.

दुसरा प्रश्न : खरी किंमत किती?

आकडा म्हणजे किंमत नव्हे, हें आपल्या भागांतील वाडवडिलांना चांगलें ठाऊक होतें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता आणि येथें 'हाली सिक्का' रुपया चाले. इंग्रजी मुलुखांत 'कलदार' चाले. ७ रुपये हाली म्हणजे सुमारें ६ रुपये कलदार. म्हणून भाव ऐकतांच शहाणा मनुष्य विचारी, "हाली कीं कलदार?" तें चलन गेलें, पण प्रश्न गेलेला नाहीं. आज तो निराळ्या शब्दांत विचारावा लागतो.

एक तर, खोडलेल्या मोठ्या आकड्याकडे पाहूं नये. कमाल किरकोळ किंमत २,००० रुपये खोडून तिच्याखालीं ७९९ लिहिलें म्हणजे १,२०१ रुपये वांचले असें होत नाहीं. वेष्टणावरील किंमत ही मर्यादा आहे. तिच्याहून अधिक घेतां येत नाहीं इतकाच तिचा अर्थ. तीच वस्तु शेजारच्या दुकानांत ७५० ला मिळत असेल, तर ७९९ हा भाव महागच होय. दुसरें, वजन पाहावें. ७५० ग्रॅमची पिशवी १८० रुपयांस आणि १ किलोची २३० रुपयांस असेल, तर पहिली स्वस्त भासते; परंतु १०० ग्रॅमला पहिलीचा भाव २४ रुपये पडतो आणि दुसरीचा २३. तिसरें, पोंचविण्याचा आकार, हाताळणीचा आकार आणि वस्तु हातीं आल्यावर पैसे देण्याचा आकार हे सर्व मिळवून जी शेवटची बेरीज येते, तिचीच तुलना करावी. चौथें, हप्त्यांच्या गोडीला भुलूं नये. १२,००० रुपयांचा मोबाइल रोख घेतल्यास ११,२०० ला मिळतो, आणि 'बिनव्याजी' सहा हप्त्यांत २,००० प्रमाणें देऊन वर १९९ रुपये प्रक्रियाशुल्क पडतें असें समजा. बिनव्याजी मोबाइल ९९९ रुपयांनीं महाग पडला! व्याज हा शब्द तेवढा गेला; व्याज गेलें नाहीं.

यावर उत्तम उपाय म्हणजे एक लहानशी भाववही. घरांत वारंवार लागणाऱ्या वस्तूंचे भाव तारीखवार लिहून ठेवावेत. सणासुदीच्या 'महासेल' मध्यें सांगितलेली सूट खरी कीं खोटी, हें ती वही एका क्षणांत सांगेल.

तिसरा प्रश्न : ही घाई कोणाची?

"फक्त २ नग शिल्लक!" "सूट संपण्यास ९ मिनिटें!" असें लिहून पडद्यावर घड्याळ उलटें पळतांना तुम्ही पाहिलें असेल. आठवडी बाजारांत दिवे लागल्यावर भाव उतरतात, म्हणून आजी थांबते; येथें तुम्हांला थांबूंच द्यावयाचें नाहीं, अशी योजना असते. हा केवळ शिक्षकाचा संशय नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार नांवानिशीं सांगून त्यांस मनाई केली आहे. खोटी घाई निर्माण करणें, न सांगतां टोपलींत एखादी वस्तु किंवा देणगी घुसडणें, आरंभीं लहान किंमत दाखवून शेवटीं आकार चढवीत नेणें, 'नको' म्हणणाऱ्याला लाजविणारीं वाक्यें लिहिणें, वर्गणी सुरू करणें सोपें आणि बंद करणें दुर्घट ठेवणें, हे त्यांतले कांहीं होत. घाई दिसली कीं ती आपली नव्हे, विकणाऱ्याची आहे, एवढें ओळखावें आणि मोबाइल खालीं ठेवावा.

चौथा प्रश्न : विकणारा कोण?

हा प्रश्न न विचारल्याचें फळ मीं स्वतः भोगलें आहे; म्हणून येथें मला पुस्तकांतलें सांगण्याची गरज नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळाच्या तोंडावर विजेवर चालणाऱ्या शिवणयंत्राची एक जाहिरात मीं पाहिली. दुकानांत ज्याला सहा हजारांवर रुपये पडतात, तें यंत्र १,४९९ रुपयांस! पत्नीला अचानक भेट द्यावी, या हौसेनें मीं कोणालाहि न विचारतां आगाऊ पैसे भरले. यंत्र आलें नाहीं. आठ-दहा दिवसांत तें संकेतस्थळहि नाहींसें झालें. मग इंटरनेटवर शोधून सांपडलेल्या एका 'मदत क्रमांका'वर मीं फोन केला. पलीकडचा गृहस्थ अति नम्र होता. "सर, तुमचे पैसे परत पाठवतों, हा चौकोन स्कॅन करा आणि तुमचा पिन टाका," तो म्हणाला. माझें बोट पिनच्या पहिल्या अंकावर होतें. इतक्यांत नववींत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही." मीं फोन ठेवला. त्या खात्यांत तिच्याच पुढील वर्षाच्या शिक्षणाचे पैसे होते.

परंतु माझी खरी चूक यानंतरची आहे. गेलेल्या १,४९९ रुपयांची तक्रार मीं केली नाहीं. शिक्षक असून फसलों, हें चारचौघांत कसें सांगावें, अशी लाज वाटली. माझ्या त्या मौनामुळें आणखी किती जण त्याच जाळ्यांत सांपडले असतील, हें देव जाणे. लबाड मनुष्य आपल्या लोभावर जितका जगतो, तितकाच आपल्या लाजेवरहि जगतो.

म्हणून विकणाऱ्याचें नांव व पत्ता पाहावा. नियमाप्रमाणें तो दाखविणें बंधनकारक आहे. अनोळखी जाहिरातींतून थेट पैसे भरूं नयेत. ग्राहकांचे अभिप्राय वाचतांना सर्वांत वाईट अभिप्राय आधीं वाचावे, कारण स्तुति विकत घेतां येते. भाव बाजाराच्या चौथाईवर आला म्हणजे तो लाभ नसून आमिष आहे असें धरून चालावें. पुडकें उघडतांना मोबाइलवर चित्रण करावें आणि बिल जपून ठेवावें. मदत क्रमांक कंपनीच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यावा, शोधून सांपडलेला नव्हे.

फसवणूक झाल्यास काय करावें?

पैसे लबाडीनें गेले असतील तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावें. जितकें लवकर कळवाल, तितका पैसे वाटेंतच थांबविण्याचा संभव अधिक. वस्तु सदोष निघाली, निराळीच आली किंवा परतावा मिळाला नाहीं, तर प्रथम त्या कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०२० च्या नियमांनुसार त्यानें ४८ तासांत पोंच आणि एका महिन्यांत निवारण दिलें पाहिजे. तें न झाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी आहे.

तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता बंगळूरला असो कीं दिल्लीला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ग्राहकाला आपण राहतों त्या जिल्ह्यांत तक्रार मांडण्याचा अधिकार दिला आहे. म्हणजे आष्टीच्या रहिवाशाला जालन्याच्या पलीकडे जाण्याचें कारण नाहीं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाहीं. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. या हक्कांचा पाया घालणारा पहिला कायदा १९८६ चा. त्यास राष्ट्रपतींची संमति २४ डिसेंबर रोजीं मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन मानला जातो. नाताळाच्या आदल्या दिवशींचा हा योग आपण लक्षांत ठेवावा.

एकट्यापेक्षां अनेक

शेवटीं, स्वस्ताईचा जो सर्वांत जुना आणि प्रामाणिक मार्ग आहे, त्याची आठवण देतों. इंग्लंडांतील रॉचडेल गांवीं २८ जणांनीं २८ पौंडांचें भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजीं स्वतःचें दुकान उघडलें. पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या असा मोजकाच माल. पण शुद्ध आणि पुऱ्या वजनाचा. तेथूनच आधुनिक सहकाराचा ओघ जगभर गेला. आपल्या महाराष्ट्रांत १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचा वाणसामान एकत्र मागविण्याची प्रथा पाडली. दहा पालकांनीं जूनच्या आधीं एकत्र येऊन वह्या घाऊक भावानें आणल्या, तर पडद्यावरील कोणत्याहि सवलतीइतकीच, कदाचित् अधिकहि बचत होईल. गांवच्या दुकानदारालाहि तो भाव आधीं विचारून पाहावा. अडीअडचणीला उधार देणारा आणि बिघडलेली वस्तु बदलून देणारा शेजारी हाहि हिशेबांत धरावयाचा असतो.

मुलांनो, या सुटींत एवढेंच करा. घरांतील दहा वस्तूंची भाववही सुरू करा. प्रत्येकीचा गांवचा भाव, पडद्यावरचा शेवटच्या बेरजेचा भाव आणि एककाचा भाव असे तीन रकाने पाडा, आणि महिन्याअखेर ती वही आईवडिलांपुढें ठेवा. पालकांनाहि एक विनंती आहे : मूल चुकून फसलें, तर आधीं त्याच्यावर रागावूं नका, आधीं १९३० ला फोन करा. ज्या घरांत चूक सांगतां येते, त्या घरांतला पैसा लबाडाच्या हातीं सहसा लागत नाहीं. माझ्या घरांत तो वांचला, कारण माझ्या मुलीला वडिलांची चूक दाखवून देण्याची भीति वाटली नाहीं.