कुसळ, मुसळ आणि शेजारचें दुःखी घर

शास्त्रपाठ : मत्तय ७:१-५, लूक १३:१-५. घरीं वाचावें : १ शमुवेल ३१:११-१३.

दुसऱ्याचे दोष काढूं नयेत ही प्रभूची आज्ञा आपल्या मंडळ्यांत लहानथोर सर्वांना तोंडपाठ आहे. पण तिची एक गंमत अशी कीं, कोणी आपणांस बोल लावूं लागला म्हणजे ती लगेच आठवते. आपण दुसऱ्यास बोल लावूं लागलों म्हणजे मात्र ती सुचत नाहीं. म्हणून या पाठांत ती मोघम रीतीनें न घेतां आपल्या वऱ्हाडांतील एका विशेष घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवूं. ज्या घरच्या कर्त्या शेतकऱ्यानें आपल्या हातानें आपला जीव संपविला तें हें घर. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत अशीं घरें आपल्या नित्याच्या वाटेवर आहेत. कांहीं आपल्या मंडळ्यांतलींही आहेत.

अशा घरची बातमी गांवांत पसरली कीं प्रेत हलण्यापूर्वींच पारावर न्यायासन मांडलें जातें. एक म्हणतो, दारूनें गेला. दुसरा म्हणतो, पोरीच्या लग्नांत उधळलें, त्याचें फळ. तिसरा विचारतो, "कर्ज कोणावर नाई? मंग हाच काहून मेला?" बायकांच्या घोळक्यांत बायकोच्या जिभेची चौकशी होते. आणि आपल्या ख्रिस्ती वस्तींत याहून एक जड शब्द निघतो : विश्वास कमी पडला. हा शब्द उच्चारणारा मनुष्य बहुधा उपासनेस नियमित येणारा असतो.

आतां प्रभूचा दृष्टांत पाहा. कुसळ म्हणजे काय हें शहरांतल्या उपदेशकास समजावून द्यावें लागेल. आपणांस लागत नाहीं. ज्वारीच्या मळणींत किंवा गवत कापतांना तें डोळ्यांत गेलें म्हणजे कसें होतें, हें आपण जाणतों. तें काढतो कोण? दहा हातांवर उभा राहून ओरडणारा नव्हे. जवळ येऊन, एका हातानें डोकें धरून, पापणी हळूच उलटून, पदराच्या किंवा रुमालाच्या टोकानें जो तें टिपून घेतो, तो. त्याचा हात थरथरूं नये लागतो, आणि त्याचा स्वतःचा डोळा साफ असावा लागतो. प्रभूनें कुसळ डोळ्यांत तसेंच राहूं द्या असें म्हटलें नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. आधीं स्वतःचें मुसळ काढा, म्हणजे भावाचें कुसळ काढण्यापुरतें स्पष्ट दिसेल, असा त्या वचनाचा रोख आहे. तेव्हां जें मना केलें आहे तें दुरून निवाडा करणें होय; जवळ जाणें मना केलेलें नाहीं. उलट जवळ गेल्यावांचून कुसळ निघतच नाहीं.

त्याच ठिकाणीं मापाचीही गोष्ट आहे. घेतांना एक पायली आणि देतांना दुसरी, असा सावकार आपण कथांतून ऐकला आहे. आपल्या घरचें पीक बुडालें तर आपण म्हणतों, पावसानें दगा दिला. शेजाऱ्याचें बुडालें तर म्हणतों, त्याला शेती करतां येत नव्हती. त्या सावकारास नांवें ठेवणाऱ्या आपल्या घरींही अशा दोन पायल्या आहेत.

म्हणून निवाड्यापूर्वीं वस्तुस्थिति तरी नीट पाहूं. वऱ्हाडची शेती बहुतेक कोरडवाहू आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथें विहीर खणली तर पाणी खारें लागतें आणि तें पिकास घातलें तर जमीन बिघडते. अशा ठिकाणीं मृगानें पाठ फिरवली कीं दुबार पेरणी, म्हणजे दुसऱ्यांदा बियाणें, दुसऱ्यांदा उधारी. सन २००२ मध्यें बीटी कपाशीस परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळीची काळजी मिटली असें वाटलें. परंतु सन २०१७ मध्यें गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील उभी कपाशी आंतून खाल्ली. बोंड वरून चांगलें दिसे आणि फोडलें तर आंत कुजलेलें. सन २००६ च्या जुलैंत त्या वेळचे पंतप्रधान विदर्भांत आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. ती पुरेशी झाली कीं नाहीं हा वाद येथें नको. पण सहा जिल्ह्यांसाठीं सरकारास योजना करावी लागली, यावरून एवढें तरी कळावें कीं, हें संकट एकेका माणसाच्या दुर्गुणांतून उगवलेलें नव्हे. दारू? कांहीं घरीं दारू होती, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण दारू आधीं आली कीं कर्ज आधीं आलें, हें पारावरून दिसत नाहीं.

आणि पारावरचा शब्द पारावरच राहतो असें समजूं नका. सन २००६ च्या नियमाप्रमाणें अशा घरास एक लाख रुपयांची मदत ठरली : तीस हजार हातीं आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपानें. मात्र त्यापूर्वीं महसूल खात्याची व पोलिसांची चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति तो मृत्यु "पात्र" कीं "अपात्र" हें ठरविते. कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें किंवा परवानाधारक सावकाराचें असावें लागतें. कृषि केंद्राची उधारी किंवा सोयऱ्याकडून उसने घेतलेले पैसे त्यांत धरले जात नाहींत. चौकशीसाठीं आलेला मनुष्य शेजारीपाजारीं विचारतो. तेथें कोणी सहज बोलून जातो कीं, पीत होता, घरांत भांडण होतें. बोलणारा जेवायला घरीं जातो. वाक्य कागदावर राहतें. विधवा बाई तहसील कचेरींतून "अपात्र" हा शब्द घेऊन परत येते, आणि मुलांना त्याचा अर्थ सांगावयाचा तिच्यावर येतो. याकोबानें जिभेस ठिणगीची उपमा दिली ती अतिशयोक्ति आहे असें ज्यास वाटतें, त्यानें त्या बाईबरोबर एकदां त्या कचेरीपर्यंत जावें.

येथें दुसऱ्या बाजूचीही सावधगिरी सांगितली पाहिजे. दया म्हणून खोटें कर्ज सांगावें, असा याचा अर्थ नाहीं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा जशी आहे, तशीच शेजाऱ्यासाठीं खोटी साक्ष देण्याची मुभा कोठेंही नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढें सांगावें. जें ऐकलें तें पोटांत ठेवावें. पीक बुडालेलें तुम्हीं पाहिलें होतें ना? मग तें सांगा. पुष्कळजण तेवढेंच सांगायचें विसरतात.

लूकाच्या तेराव्या अध्यायांत प्रभूपुढें असाच पार भरला होता. शिलोहांतील बुरूज पडून अठरा माणसें दगावलीं होतीं. तीं इतरांपेक्षां अधिक पापी होतीं काय, या प्रश्नास प्रभूनें साफ नाहीं असें उत्तर दिलें, आणि लगेच प्रश्न ऐकणाऱ्यांकडेच वळविला : तुम्ही स्वतः पश्चात्ताप केला आहे काय? मेलेल्यांच्या हिशेबाची वही त्यानें उघडूं दिली नाहीं.

ख्रिस्ती मंडळीनें या बाबतींत नेहमीं प्रभूची रीत पाळली, असें म्हणतां येत नाहीं. सहाव्या शतकांत ब्रागा येथील परिषदेनें आत्महत्या करणाऱ्यास अंत्यविधि नाकारला. सन १६६२ च्या इंग्लंडांतील प्रार्थनापुस्तकांत प्रेतसंस्काराच्या आरंभींच अशा मृतांसाठीं तो विधि वापरूं नये अशी सूचना आहे. त्याच देशांत सन १८२३ च्या कायद्यापर्यंत अशांचें प्रेत हमरस्त्यावर पुरण्याची चाल होती. जीव घेऊं नये ही आज्ञा स्वतःच्या जीवासही लागू आहे, हें त्या वडिलांचें म्हणणें खोटें नव्हतें. जीव देवाचा आहे आणि तो संपविणें हें दुःखद पातक आहे, हें मीही शिकवितों. पण आज्ञा जिवंतांना वांचविण्यासाठीं दिली आहे. ती प्रेताच्या पाठीवर चाबकासारखी वापरून कोणाचा जीव वांचला, तें इतिहासांत दिसत नाहीं.

पवित्र शास्त्र या मृत्यूंविषयीं किती थोडें बोलतें तें पाहा. अहीथोफेलानें आपला जीव घेतला; शास्त्र म्हणतें कीं त्यास बापाच्या कबरेंत पुरलें, आणि तेथें एक शब्दही टीकेचा नाहीं (२ शमुवेल १७:२३). शौल राजा लढाईंत हरून स्वतःच्या तलवारीवर पडला. त्याचे दोष कोणास ठाऊक नव्हते? तरी याबेश-गिलादचे लोक रात्रभर चालून गेले, शत्रूनें भिंतीवर टांगलेलें त्याचें प्रेत काढून आणलें, अस्थि झाडाखालीं पुरल्या आणि सात दिवस उपास केला. कारण? याच शौलानें पूर्वीं अम्मोन्यांपासून त्यांचें गांव सोडविलें होतें. त्यांनीं त्याचा शेवट आठवला नाहीं, त्याचा उपकार आठवला. आणि ज्या दाविदाचा शौलानें वर्षानुवर्षें पाठलाग केला, त्यानेंच या लोकांना आशीर्वाद धाडला.

जिवंतांविषयींही असेंच आहे. एलीया झुडपाखालीं बसून मरण मागत होता, तेव्हां दूतानें त्यास उपदेश केला नाहीं. भाकर आणि पाणी दिलें, झोपूं दिलें, पुन्हां उठवून खावयास दिलें. फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक तलवार उपसून उभा होता, तेव्हां पौलानें अंधारांतून हांक मारून त्यास थांबविलें. तारणाची गोष्ट त्यानंतर निघाली. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें जमिनीवर बसले, तोंवर ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवसापासून त्यांनीं कारणें शोधण्यास आरंभ केला.

आपल्या देशाच्या कायद्यानेंही अलीकडे हें ओळखलें आहे. पूर्वीं आत्महत्येचा प्रयत्न करून वांचलेल्या माणसास शिक्षा होऊं शकत असे. सन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें तो मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्यास शिक्षेऐवजीं उपचार मिळावे असें ठरविलें. सरकारनें जें ओळखलें तें मंडळीस सांगावें लागावें, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे.

कोणी विचारील, मग दारू आणि ऐपतीबाहेरचीं लग्नें यांविरुद्ध बोलायचेंच नाहीं काय? बोलायचें. आपल्याच अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं सन १८७६ मध्यें जन्मलेले गाडगेबाबा पाहा. ते ख्रिस्ती नव्हते. पण त्यांची रीत या पाठास उपयोगी पडते. ऋण काढून सण करूं नका, दारूला शिवूं नका, असें ते कीर्तनांत रोखठोक विचारीत व सांगत. पण गांवांत आल्यावर आधीं हातीं खराटा घेऊन त्या गांवची घाण झाडून काढीत, कीर्तन रात्रीं. दिवसभर ज्यानें आपलें अंगण झाडलें त्याचा शब्द लोकांस टोचला तरी लागत नसे. आपला क्रम उलटा आहे : कीर्तन सकाळींच उरकतें, आणि खराटा हातीं येतच नाहीं.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनीं तरी विसरूं नये. सन १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडांतील पुष्कळ पोरकीं मुलें मिशनांच्या अनाथाश्रमांत आलीं. आपल्यांतील कित्येक कुटुंबांचा ख्रिस्ती इतिहास तेथून सुरू होतो. त्यांच्यावर गांवानें काय शिक्का मारला? पोटासाठीं धर्म सोडला. त्या लेंकरांच्या पोटांतली आग शिक्का मारणाऱ्यांस ठाऊक नव्हती. आपल्या आजीआजोबांनीं तो शब्द आयुष्यभर वाहिला. त्यांच्या नातवंडांनीं दुसऱ्याच्या घरावर तसाच शिक्का मारावा काय?

आतां करण्याच्या गोष्टी. पहिल्या तीन दिवसांत घर माणसांनीं भरलेलें असतें; त्या वेळीं गेलें नाहीं तरी चालेल. दुसऱ्या महिन्यांत जा. मृताचें नांव घेऊन बोला. त्याचें नांव टाळणें हाही एक निवाडाच आहे. "कसें झालें?" हें विचारूं नका. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली कीं नाहीं, बँकेचें पुस्तक कोठें आहे, हें विचारा, आणि तलाठ्याकडे बाईबरोबर जा. तेथें बोलायचें तिलाच बोलूं द्या. मुलांस शब्बाथशाळेंत कोणी कांहीं चिडवून बोललें तर शिक्षकांनीं तें त्याच वेळीं थांबवावें.

जो अजून जिवंत आहे पण गप्प झाला आहे, जेवत नाहीं, देणीं-घेणीं आवरल्यासारखें बोलतो, त्याच्याकडे आजच जावें. जीव नकोसा झाला आहे काय, असें त्यास सरळ विचारावें. विचारल्यानें ती कल्पना मनांत येते हा समज खोटा आहे. त्यास एकटें सोडूं नये. फवारणीचें औषध त्याच्या घरांत न ठेवतां दुसरीकडे कुलपांत ठेवावें. सरकारी दवाखान्यांत त्याच्याबरोबर जावें. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावला तर मराठींत बोलतां येतें, पैसे पडत नाहींत.

आणि ज्या घरचा कर्ता गेला त्या घरचें शेत पडीक राहतां कामा नये. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारीं उपासनेनंतर वडीलजनांनीं बसून कोणाची बैलजोडी, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाकडचें किती बियाणें आणि कोणता दिवस, हें ठरवावें. आणि तें त्या घरीं सांगण्यास आधीं मंडळींतील दोन बायांनीं जावें.